व्याह्यांना दाखवलेली टाकी

ता. ३ फेब्रुवारी

ठमे,

तुला, जावईबापूंना आणि पिल्लूला भरभरून आशीर्वाद. विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे ते कळव. इकडे सगळं ठीक. तुझी आई बरी आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. कारण मला विचारू नकोस, आणि शक्यतो तिलाही विचारू नकोस. जेवायला वेळेवर वाढते, ताट जरा आपटते, एवढंच.

तुझे सासरे इकडे येऊन गेले हे तुला कळलंच असेल. आधी पत्र पाठवलं होतं त्यांनी. एका जुन्या मित्राला भेटायला निघालो आहे, वाटेत तुमच्याकडे उतरेन आणि तुमचं पाण्याचं केंद्र एकदा डोळ्यांनी बघेन, असं. शाळेत जन्मभर मुलांना 'नळाला पाणी कुठून येतं' हे शिकवलं, पण स्वतः कधी बघितलं नाही म्हणे. आता अशा माणसाला नको कसं म्हणणार?

तुझं लग्न ठरवताना त्यांनी मला सरळ विचारलं होतं, आपण काय करता. आणि मी तितक्याच सरळपणे सांगितलं होतं, पाणीपुरवठ्यात असतो. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस, तेही मी पाहिलं होतं. घरी आल्यावर मी तुला बजावलं की कुणी विचारलं तर तूही हेच सांग, झाकली मूठ सव्वा लाखाची. गावभराच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी माझ्या टाकीत येतं, हे सांगून कुणाच्या घरात मुलगी द्यायची, असं तेव्हा वाटलं. खरं सांगायचं तर अजूनही तसंच वाटतं. जेवणाआधी हात धुणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण हात धुतल्यावर नळही धुणारे मी तुझे सासरेच पाहिले.

तर आले, दोनेक तास थांबले, केंद्र बघितलं, खूश होऊन गेले. मीही पाहुणा येणार म्हटल्यावर जागा आवरून ठेवली होती. त्यात काय एवढं, सगळेच आवरतात. घाण पाणी आत येतं तिकडचं दार बंद ठेवलं, फिनेल शिंपडलं, नवा शर्ट घातला. वाराही शहाण्यासारखा उलट्या दिशेला होता. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले की असा व्याही मिळायला भाग्य लागतं. तुझी आई आत भांडी घासत होती. ती गप्प होती, भांडी मात्र बोलत होती.

एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे ओढ्याचं पाणी अजून कशाकशाला वापरता? या दिवसांत धार बारीक होते, पाणी लवकर खराब होतं, म्हणून म्हणतो. महिनाभर तरी पिल्लूला अंघोळ विहिरीच्या पाण्यानंच घाल. तिचे कपडे ओढ्यावर धुऊ नकोस. भाजीही तिथे धुऊ नकोस, आणि विहिरीचं पाणीसुद्धा उकळूनच पाज, विहीर ओढ्याच्या अगदी काठावर आहे. विशेष काही कारण नाही. म्हातारा होत चाललोय, उगाच काळज्या करतो.

उत्तर लगेच पाठव. पाण्याचं काय केलंस ते त्यात नक्की लिही.

तुझा बाबा


ता. २० फेब्रुवारी

ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. पिल्लूच्या जुलाबांचं वाचलं आणि पुढे वाचवेना. बाहेर गेलो, टाकीभोवती एक फेरी मारली, परत येऊन पहिल्यापासून वाचलं. डॉक्टर म्हणाले की धोका टळला, हे तू तिसऱ्या पानावर लिहितेस? अशा गोष्टी पहिल्या ओळीत लिहायच्या असतात.

माझं पत्र उशिरा पोचलं म्हणतेस. पोस्टाचा कारभारच तसला. कुणाचा तरी दोष काढल्याशिवाय मला राहवत नाही, असं तुझी आई म्हणायची, बोलत होती तेव्हा.

ओढ्याला वास येतोय, मासे उलटे होऊन तरंगले, गावात घरोघरी पोटं बिघडली आहेत, हे सगळं वाचलं. वाईट वाटलं. इकडची बातमी म्हणशील तर माझी टाकीही जरा आजारी आहे. तू लहानपणी डबा घेऊन यायचीस आणि कठड्याला लटकून विचारायचीस, बाबा, एवढा चहा कोण पिणार? मी सांगायचो की तो चहा नाही, गाळ आहे, आणि त्या तपकिरी गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. गावाची घाण ते खातात, मी त्यांना खालून फक्त हवा देतो. पोट भरलं की ते पुढच्या टाकीत तळाशी बसतात आणि वरचं निवळ पाणी ओढ्यात जातं. तू त्यांना 'बाबांची गुरं' म्हणायचीस. तर सध्या गुरं कमी झालीत. टाकीवर पांढरा फेस येतो, पाणी निवळत नाही, आलं तसंच पुढे जातं. असं होतं कधी कधी. थंडीनं होतं, कुणी मोरीत भलतंसलतं ओतलं तरी होतं.

गुरं परत वाढवायची तर टाकीत ताजं शेण घालावं लागतं, दुधाला विरजण लावतो तसं. म्हणून गवळीकाकांकडे गेलो. तुला त्यांचा गोठा माहीतच आहे, आपल्या गावाच्या आणि तुमच्या गावाच्या मधे, ओढ्याच्या काठावर. त्यांनी का, कशाला काही विचारलं नाही. रोज सकाळी दूध घालून झालं की हातगाडीवर शेणाच्या पाट्या ठेवून येतात, स्वतः पाण्यात कालवून टाकीत सोडतात, आणि मग कठड्यावर बसून माझ्याबरोबर चहा पितात. काल म्हणाले, माझ्या गाईंचं नशीब बघ, त्यांच्या शेणालाही नोकरी लागली.

तुमच्या गावात सगळे त्यांच्याच गोठ्याला दोष देतात असं तू लिहितेस, आणि त्यात तुझे सासरे सगळ्यांत पुढे. लोकांचं काय, साप म्हणून भुई धोपटतात. गोठा धुतलेलं पाणी ओढ्यात जातं हे खरं, पण ते वर्षानुवर्षं जातंय. मात्र तू मधे पडू नकोस. सासरच्या माणसांत बोलताना जपून बोलावं. थोड्या दिवसांत पाणी आपोआप सुधारेल आणि लोक विसरून जातील.

शेवटी तू विचारलं आहेस, 'बाबा, टाकीला नक्की काय झालंय?' वर लिहिलंच आहे. थंडी.

पिल्लूला साखर-मीठ घातलेलं पाणी थोडं थोडं देत राहा. ती हसायला लागली की दोन ओळी टाक. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझा बाबा


ता. ९ मार्च

ठमे,

तुला आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. पिल्लूला मात्र दे.

परवा तुमच्या ओसरीवर ओढ्याच्या पाण्यावरून सभा झाली, ती संपल्यावर मी न जेवता निघून आलो. तू दारात उभी होतीस, पिल्लू कडेवर, केवढीशी झाली आहे ती. तू एवढंच म्हणालीस, 'बाबा, जेवून जाल ना?' मी म्हटलं, बस चुकेल. बसला पुष्कळ अवकाश होता. मी थांब्यावर उन्हात बसून राहिलो. तुला सगळं कळलंय हे मला तिथेच कळलं होतं. माझ्या कपड्यांच्या वासात तू लहानाची मोठी झालीस. व्याह्यांनी ओढ्याच्या पाण्याची बाटली उघडली तेव्हा तो वास तुला गोठ्याचा वाटणं शक्यच नव्हतं. तरी तू जेवणाचं विचारलंस. त्यापेक्षा चारचौघांत माझी गचांडी धरली असतीस तर सोपं गेलं असतं.

आता झालं ते लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा थंडीवर ढकलेन.

टाकी आजारी पडली नव्हती. मी ती मारली. तुझ्या सासऱ्यांचं पत्र आलं आणि मी उठून टाकीपाशी गेलो. पाणीपुरवठा दाखवायचा तर पाणी दिसायला हवं, आणि माझ्या टाकीत तर तुझा तो चहा. मग ते येण्याच्या आदल्या दिवशी मी गावाचं सगळं घाण पाणी बाजूच्या पाइपानं सरळ ओढ्यात सोडलं. टाकी उपसली. वाळवायच्या वाफ्यांत मावला तेवढा गाळ तिथे टाकला, उरलेला ओढ्यात ढकलला. मग आत उतरून भिंती ब्रशनं घासल्या, त्यांना ब्लीचिंग पावडर चोळली, विहिरीवरून पाइप लावून स्वच्छ पाणी भरलं आणि खालून हवा सोडली. तळापर्यंत नितळ, आणि त्यातून बुडबुडे वर येतायत. तुझी आई कठड्यापाशी येऊन उभी राहिली. 'टाकीबरोबर अक्कलही धुऊन काढलीत का?' म्हणाली. तो अबोला तिथून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी व्याही आले, चष्मा पुसून त्यांनी टाकी पाहिली, आणि मी काही म्हणायच्या आत वाकून ओंजळ भरली आणि प्यायले. औषधाचा जरा वास आहे, पण पाणी गोड आहे, असं म्हणाले. आदल्या दिवसापर्यंत तिथे काय होतं हे तुला मी सांगायला नको. मी हसलो. दुसरं काही नाही, नुसता हसलो गं.

पाहुणा गेला की पाणी परत टाकीत वळवीन, चार दिवसांत सगळं रुळावर येईल, असं मला वाटलं होतं. नाही, तसंही नाही. आम्हाला शिकवतानाच सांगितलं होतं की गाळ सांभाळा, तो गेला तर पुढे महिना-दीड महिना टाकी नुसती घाण ढवळत बसेल. हे मी इतरांना पढवत आलोय. तेव्हा याला चूक म्हणू नकोस ठमे. चूक न कळता होते.

ओढा तुमच्या गावाला जातो हेही मला माहीत होतं. म्हणून तर ते पहिलं पत्र. तुला सावध करायचं होतं, पण कशापासून ते सांगायचं नव्हतं, म्हणून काळजीवाहू आजोबाचं सोंग आणलं. पिल्लूच्या पोटात गेलं ते पाणी माझ्याकडचं होतं. ते वाचून टाकीला फेरी मारून आलो, आणि येऊन लिहिलं काय, तर थंडी.

सभेला मला तुझ्या सासऱ्यांनी मुद्दाम बोलावलं होतं, पाण्यातला जाणकार म्हणून. गवळीकाका आणि मी एकाच बसनं आलो. वाटेत ते म्हणाले, 'तू बोल माझ्या बाजूनं. तुझे व्याही आहेत, तुझं ऐकतील.' मी मान हलवली. तिथे पोचल्यावर मला पुढे खुर्ची दिली आणि ते मागे भिंतीला टेकून उभे राहिले. पुढचं तू पाहिलंसच. बाटली माझ्या नाकाशी धरून व्याह्यांनी विचारलं, 'हे गोठ्यातलं असू शकतं ना?'

मी बाटलीकडे बघितलं. गवळीकाकांकडे बघितलं नाही, तुझ्याकडे तर नाहीच. म्हणालो, 'असू शकतं.'

तेवढ्यावर निकाल लागला. गोठा ओढ्याकाठून हलवायचा. त्यांना दुसरी जागा नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणजे गाई विकायच्या. येत्या सोमवारी त्या बघायला गिऱ्हाईक येणार आहे.

घरी येऊन मी तुझ्या आईला सांगितलं, तेव्हा इतक्या दिवसांनी ती बोलली. 'चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. दोरही तुम्हीच पुरवलात.' मी म्हटलं, मी कुठे दिली, मी फक्त असू शकतं म्हणालो. त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला उठून बाहेर जावं लागलं.

काल सकाळी गवळीकाका नेहमीसारखे गाडी घेऊन हजर. मी म्हटलं, आज कशाला आणलंत. तर म्हणाले की माझं व्हायचं ते होईल, टाकी तर जगायला हवी, गावाचं काम आहे. बाह्या सरसावून शेण कालवायला लागले. मी इतकं शेण खाल्लं आणि हा माणूस माझ्या टाकीला शेण पुरवत होता. मला त्यांच्याजवळ उभं राहवेना. पंप बघायचाय असं सांगून खोलीत गेलो आणि ते जाईपर्यंत दार लावून बसलो.

लाज वाटते गं. आधीही वाटायची, पण ती वेगळी होती. ती या कामाची होती. कुणी विचारलं की कानशिलं तापायची, नवे कपडे घातले तरी आपल्याला वास येतोय असं वाटायचं. एका गावानं टाकलेली घाण मी निवळवून पुढच्या गावाला देत होतो, तुम्ही त्यात कपडे धूत होता, गुरं पाजत होता, आणि हे मला अभिमानानं सोडाच, साधं तोंडानंही सांगता आलं नाही. ज्या कामाला लाजायचं कारण नव्हतं त्याला लाजलो, आणि ते झाकायला जे केलं ते आता झाकलं जात नाही. माझी गुरं मी मारली आणि त्यांची गुरं विकायला काढली.

आणखी एक. इतके दिवस मी मनाला समजावत होतो की हे सगळं ठमीसाठी चाललंय, खरं बाहेर आलं तर तिला सासरी मान खाली घालावी लागेल. ते खोटं आहे. तुझ्या सासऱ्यांसारख्या माणसानं माझा हात हातात घेतला होता, तो सुटू नये एवढ्यासाठी होतं सगळं. तुझं नाव पुढे करून मी तुझ्यामागे लपलो.

आज सकाळी गवळीकाका यायच्या आधी मीच गोठ्यावर गेलो आणि सांगितलं. टाकी उपसल्यापासून परवाच्या सभेपर्यंत सगळं. ते धार काढत होते. मधे थांबले नाहीत. चरवी भरली, बाजूला ठेवली, हात पुसले. मला वाटलं, आता दोन ठेवून देतील. ते म्हणाले, 'तिथं असू शकतं म्हणालास. आता नव्हतं म्हण. तिथंच, तेवढ्याच माणसांत.' आणि दुसऱ्या गाईखाली जाऊन बसले. त्यांनी पुन्हा वर बघितलं नाही.

रविवारी मी येतोय. सगळ्यांना पुन्हा एकदा जमवा, पाण्याबद्दल सांगायचं राहिलंय, असा निरोप तुझ्या सासऱ्यांना आजच धाडला आहे. ते हौसेनं जमवतील, जाणकार परत येतोय म्हणून. ते ओंजळीनं कुठल्या टाकीतलं पाणी प्यायले, तेही त्यांना तिथेच सांगणार आहे. आपल्या गावच्या समितीला उद्या सांगेन. नोकरीवरून काढतील, काढू देत. नवा माणूस आला तरी टाकीत गाळ धरेपर्यंत मी मदतीला येईन, ठेवून घेतलं तर. फेस थोडा कमी झालाय. कडेला तपकिरी रंग दिसायला लागलाय.

हे पत्र तुला आधी पाठवतोय, कारण परवासारखं दारात उभं राहून तुला ऐकावं लागू नये.

सभा झाल्यावर ते तुला विचारतील, सूनबाई, तुला माहीत होतं का? लग्नाच्या वेळी काय बोलायचं ते मी तुला शिकवलं होतं. आता काय शिकवू? माहीत होतं म्हणालीस तर माझ्या वाटणीचा राग तुझ्या डोक्यावर येईल. माहीत नव्हतं म्हणालीस तर तुला माझ्यासारखं व्हावं लागेल. मी तुला दोन्हीकडून कोंडून ठेवलंय आणि माझ्यापाशी किल्ली नाही. तू जे बोलशील ते मी मान खाली घालून ऐकेन. 'हा माणूस माझा कुणी नाही' म्हणालीस तरी.

अजूनही म्हणावंसं वाटलं तर,
तुझा बाबा